हिब्रू भाषेतील कर्मणी क्रियारूपे : मराठी विद्यार्थ्यांसाठी एक पाठ

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेत पाली व मराठी व्याकरणावरील लेख वाचण्याची वाचकांना सवय आहे. हिब्रूवरील पाठ येथे कसा, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे कारण साधे आहे. आपले काही माजी विद्यार्थी व विद्यार्थिनी वृद्धांच्या आणि रुग्णांच्या शुश्रूषेचे काम करण्यासाठी इस्रायलमध्ये गेलेले आहेत, आणखी काही जाण्याच्या तयारीत आहेत. बोलण्यापुरती हिब्रू ही मंडळी ज्या घरात राहतात तेथील आजी-आजोबांच्या सहवासात हळूहळू उचलतात. अडचण येते ती कागदाशी. दवाखान्याची चिठ्ठी, बँकेचे पत्र, वेतनाचा करार, इमारतीच्या दारावर लावलेली सूचना, अशा लेखनात क्रियापदे पुष्कळदा कर्मणी असतात आणि कोणी काय केले हेच कळेनासे होते. सुटीतल्या भाषावर्गात आम्ही हा भाग पुनःपुन्हा शिकवीत आलो. तोच येथे एकत्र मांडीत आहोत, म्हणजे दूर असलेल्यांना आणि त्यांच्या पालकांनाही तो हाताशी राहील.

मराठीतून हिब्रू शिकण्याची वाट नवी नाही, हेही आधी सांगितले पाहिजे. कोकण किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखला जाणारा बेने इस्रायल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. त्याच्या घरची भाषा मराठी आणि प्रार्थनेची हिब्रू. या समाजासाठी जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीतून लिहून १८३२ साली मुंबईत छापली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ सालचे. म्हणजे मराठी मुलांच्या हाती दादोबांचे पुस्तक पडण्यापूर्वीच हिब्रू क्रियापद मराठीत समजावण्याचा उद्योग सुरू झाला होता. पुढे या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला स्थायिक झाली आणि तेथूनही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघत आले.

आता मूळ विषय. हिब्रूची लिपी उजवीकडून डावीकडे जाते. तिच्यात २२ अक्षरे आहेत आणि ती सर्व व्यंजनांची मानली जातात. स्वर दाखविणाऱ्या खुणा धर्मग्रंथांत, कवितांत आणि बालवाङ्मयात असतात, एरवीच्या छपाईत त्या गाळतात. आम्ही सर्व शब्द देवनागरीत, आजच्या उच्चाराप्रमाणे देत आहोत. ‘ख़’ हा वर्ण घशातून, ‘ख़बर’ या शब्दाच्या मूळ उच्चारासारखा म्हणावा.

हिब्रू क्रियापदाचा गाभा म्हणजे बहुधा तीन व्यंजनांचा धातू. लेखनाच्या अर्थाचा धातू ‘क-त-व’. या तीन व्यंजनांना एकामागून एक स्वर आणि उपसर्ग जोडून क्रियापदाची रूपे होतात. अशा प्रत्येक साच्याला हिब्रूत ‘बिन्यान’ म्हणजे ‘इमारत’ म्हणतात. प्रमुख इमारती सात : पाअल, निफ्अल, पिएल, पुअल, हिफ्इल, हुफ्अल आणि हित्पएल. ही नावे ‘करणे’ या अर्थाच्या एकाच धातूपासून त्या त्या साच्यात घडविलेली आहेत, त्यामुळे नाव म्हणताच साचा कानावर पडतो. विद्यार्थ्यांनी नावे नीट पाठ करावीत असा आमचा आग्रह असतो तो याचसाठी. कोष्टके मागाहून पाठ केली तरी चालतात.

या सातांपैकी तीन इमारती कर्मणीच्या म्हणून शिकविल्या जातात : निफ्अल, पुअल, हुफ्अल. येथे ‘कर्मणी रूप’ असे आम्ही म्हणतो तेव्हा कर्त्याला मागे सारून कर्माला वाक्याच्या पुढे आणणारे रूप, एवढाच अर्थ घ्यावा. आपल्या शालेय मराठी व्याकरणातील ‘कर्मणी प्रयोग’ ही संज्ञा याहून व्यापक आहे आणि तिने फार घोटाळा होतो. त्याकडे पुढे येऊ.

या तिघांपैकी पुअल आणि हुफ्अल अगदी सरळ आहेत. पुअल हे पिएलचे कर्मणी, हुफ्अल हे हिफ्इलचे. ‘सिपेर’ म्हणजे त्याने सांगितले, ‘सुपर’ म्हणजे सांगितले गेले. ‘शिलेम’ म्हणजे त्याने पैसे दिले, ‘शुलम’ म्हणजे पैसे दिले गेले. ‘हिज़्मीन’ म्हणजे त्याने बोलाविले, ‘हुज़्मन’ म्हणजे त्याला बोलाविले गेले. ‘हिद्लीक’ म्हणजे त्याने दिवा लावला, ‘हुद्लक’ म्हणजे दिवा लावला गेला. व्यंजने तीच राहिली, बदलला तो स्वर. आरंभीचा ‘इ’ जाऊन ‘उ’ आला आणि शेवटी ‘अ’ बसला. या ‘उ–अ’ जोडीने कर्ता वाक्यातून नाहीसा होतो. अरबी ही हिब्रूची भगिनी भाषा, तिच्यातही ‘कतबा’ म्हणजे त्याने लिहिले आणि ‘कुतिबा’ म्हणजे लिहिले गेले. तेथेही खूण ‘उ’ याच स्वराची. लिहिलेल्या कागदावर स्वरांच्या खुणा नसल्या तरी ‘उ’साठी ‘वाव’ हे अक्षर घालण्याची आजची पद्धत आहे. धातूच्या पहिल्या अक्षरानंतर वाव दिसला तर पुअलचा संशय घ्यावा. शब्दाच्या आरंभी ‘हे’ आणि त्याला लागून वाव दिसला तर बहुधा हुफ्अल समजावा.

संशय घ्यावा असे म्हटले, खात्री बाळगावी असे म्हटले नाही. वाव हे अक्षर ‘ओ’ या स्वरासाठीही येते. ‘पुतर’ म्हणजे कामावरून काढला गेला आणि ‘पोतेर’ म्हणजे सूट देणारा, हे दोन्ही शब्द खुणांवाचून एकसारखेच लिहिले जातात. वाक्य पूर्ण वाचल्यावाचून शब्द ठरवू नये.

हिफ्इल–हुफ्अलची जोडी शुश्रूषेच्या कामात रोज लागते, कारण हिफ्इल हा पुष्कळदा आपल्या प्रयोजक क्रियापदासारखा असतो. मराठीत ‘जेवणे’ आणि ‘जेवविणे’, ‘नेसणे’ आणि ‘नेसविणे’. हिब्रूत ‘लावश’ म्हणजे त्याने कपडे घातले, ‘हिल्बीश’ म्हणजे त्याने दुसऱ्याला कपडे घातले आणि ‘हुल्बश’ म्हणजे त्याला कपडे घातले गेले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा सगळा दिवस या तिसऱ्या रूपात जातो. ज्याला अंग हलविता येत नाही त्याच्याविषयी बोलताना पहिले रूप वापरले तर ऐकणाऱ्याचा समज होतो की आजोबा आता स्वतः कपडे घालू लागले. डॉक्टरांना माहिती देताना हा फरक किरकोळ नाही.

पिएल–पुअलच्या जोडीत एक धातू असा आहे की त्यावर वर्गातला एक पूर्ण तास घालविणे आम्हांस योग्य वाटते. ‘पितेर’ म्हणजे त्याने नोकराला कामावरून काढले. त्याचे कर्मणी ‘पुतर’ म्हणजे त्याला कामावरून काढण्यात आले. स्त्रीलिंगी रूप ‘पुत्रा’. मराठी कानाला ते गमतीचे वाटते, पण अर्थ गमतीचा नाही. आणि त्याच धातूचे हित्पएल रूप ‘हित्पतेर’, स्त्रीलिंगी ‘हित्पत्रा’, म्हणजे स्वतःहून राजीनामा दिला. धातू एक, माणूस तोच, नोकरी सुटली हा परिणामही तोच. परंतु इस्रायलच्या १९६३ सालच्या सेवासमाप्ती भरपाई कायद्याप्रमाणे, किमान वर्षभर काम केलेल्या माणसाला काढून टाकले तर सर्वसाधारणपणे प्रत्येक वर्षामागे एका महिन्याच्या वेतनाइतकी भरपाई मिळते. स्वतःहून सोडणाऱ्याला, कायद्यात सांगितलेले अपवाद सोडले तर, ती मिळत नाही. काढल्याच्या पत्राला ‘मिख़ताव पितुरीम’ आणि राजीनाम्याच्या पत्राला ‘मिख़ताव हित्पत्रूत’ म्हणतात. समोर ठेवलेल्या कागदावर सही करण्यापूर्वी या दोहोंपैकी कोणता शब्द लिहिला आहे हे वाचता आले पाहिजे. कर्मणी रूपांचा अभ्यास म्हणजे केवळ परीक्षेचे गुण असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हेच उदाहरण देतो. वर्षानुवर्षांच्या कष्टाची भरपाई एका साच्यावर अवलंबून असू शकते.

हिब्रू बोलणाऱ्यांनाही या दोन शब्दांमधली फट जाणवते. राजीनामा दिला असे कागदावर लिहिलेले असते, पण प्रत्यक्षात वरून दडपण आणून तो घेतलेला असतो. अशा प्रसंगासाठी त्यांनी विनोदाने ‘हित्पुतर’ असे एक रूप बनविले आहे. हित्पएलच्या साच्यात पुअलचे स्वर घातलेले हे रूप व्याकरणाच्या कोष्टकात नाही. मराठीत सांगायचे तर ‘त्याचा राजीनामा देण्यात आला’. भाषेला जे सांगायचे असते त्यासाठी ती कोष्टकाबाहेर जाते, हे पाहून आम्हांस नेहमी आनंद होतो.

पुअल आणि हुफ्अल यांचे आणखी एक लक्षण ध्यानात ठेवावे. यांना आज्ञार्थ नाही आणि ‘करणे, करण्यास’ अशा अर्थाचे रूपही व्यवहारात नाही. कारण उघड आहे. जी गोष्ट माझ्या हातात नाही, जी दुसरा माझ्यावर करतो, ती ‘कर’ असे मला कोण सांगणार? हे लक्षण पुढच्या भागात फार उपयोगी पडते.

पुढचा भाग म्हणजे निफ्अल, आणि खरी कठीण जागा तीच. बहुतेक पुस्तकांत पहिल्या ओळीत लिहिलेले असते की निफ्अल हे पाअलचे कर्मणी होय. विद्यार्थी ते पाठ करतो आणि पहिल्या आठवड्यातच अडखळतो. ‘कातव’ म्हणजे त्याने लिहिले, ‘निख़्तव’ म्हणजे लिहिले गेले, येथवर ठीक. ‘गानव’ म्हणजे त्याने चोरले, ‘निग्नव’ म्हणजे चोरीला गेले, हेही ठीक. पण मग ‘निख़्नस’ येतो, त्याचा अर्थ तो आत शिरला. ‘निर्दम’ म्हणजे त्याला झोप लागली. ‘निज़्हर’ म्हणजे तो सावध राहिला. ‘निल्ख़म’ म्हणजे तो लढला. लढणाऱ्या माणसात कर्मणीपणा कोठे शोधायचा?

आमचे मत असे की निफ्अलला कर्मणी न म्हणता ‘आपल्यापाशी घडणाऱ्या क्रियेची इमारत’ म्हणावे. क्रिया जिच्यापाशी घडते ती व्यक्ती किंवा वस्तू या वाक्यात पुढे येते. ती क्रिया दुसऱ्याने केली असेल, स्वतः केली असेल, किंवा आपोआप झाली असेल. जुन्या हिब्रूत या साच्याचा मूळ अर्थ स्वतःकडे वळलेल्या क्रियेचा असावा आणि कर्मणी अर्थ त्यातून पुढे वाढला असावा, असे अनेक अभ्यासकही मानतात. आणि येथे मराठी विद्यार्थ्याला घरचे भांडवल आहे, त्याला फक्त त्याची जाणीव नसते. मराठीत ‘तोडणे’ आणि ‘तुटणे’, ‘फोडणे’ आणि ‘फुटणे’, ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’, ‘पाडणे’ आणि ‘पडणे’ अशा जोड्या आहेत. यांतही धातूच्या आतला स्वर बदलून क्रिया करणाऱ्याकडून क्रिया सोसणाऱ्याकडे येते. ‘फांदी तुटली’ या वाक्यात कोणी तोडली हा प्रश्नच नाही, वाऱ्याने तुटली असेल, वजनाने तुटली असेल. ‘फांदी तोडली गेली’ म्हटले की कुऱ्हाड घेतलेला माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. हिब्रूत ‘शावर’ म्हणजे त्याने मोडले आणि ‘निश्बर’ म्हणजे मोडले, तुटले. ‘पातख़’ म्हणजे त्याने उघडले आणि ‘निफ्तख़’ म्हणजे उघडले. ‘रआ’ म्हणजे त्याने पाहिले आणि ‘निर्आ’ म्हणजे दिसले. ‘शामा’ म्हणजे त्याने ऐकले आणि ‘निश्मा’ म्हणजे ऐकू आले. ‘मात्सा’ म्हणजे त्याला काही सापडले किंवा त्याने शोधून काढले आणि ‘निम्त्सा’ म्हणजे ती वस्तू सापडली, अमुक ठिकाणी आहे. या यादीचे भाषांतर करताना ‘गेले’, ‘गेली’ जोडण्याचा मोह टाळावा. मराठीतला एकटा अकर्मक शब्द बहुधा पुरेसा असतो आणि तोच खरा असतो.

मग एखादे निफ्अल रूप खरोखर कर्मणी आहे की नाही, हे ओळखायचे कसे? वर सांगितलेली आज्ञार्थाची कसोटी लावावी. ‘हिकानेस’ म्हणजे आत ये, ‘हिज़ाहेर’ म्हणजे सांभाळ, ‘हिशाएर’ म्हणजे येथेच राहा. ही तिन्ही निफ्अलची आज्ञार्थी रूपे आहेत आणि ती रोज ऐकू येतात. ज्या क्रियेची आज्ञा देता येते ती क्रिया ऐकणाऱ्याच्या हातातली आहे, म्हणून ती कर्मणी नव्हे. याउलट ‘चोरीला जा’, ‘विकला जा’ अशी आज्ञा कोणी कोणाला देत नाही. दुसरी कसोटी कर्त्याची. हिब्रूत कर्मणी वाक्यात कर्ता सांगायचाच असेल तर ‘अल येदे’ हे शब्द लावतात, आणि त्यांचा शब्दशः अर्थ ‘हातांवर’ असा आहे. आपले ‘कडून’, ‘हातून’ यांची आठवण व्हावी असेच हे शब्द आहेत. ‘पत्र अमक्याकडून लिहिले गेले’ जुळते, म्हणून ‘निख़्तव’ कर्मणी. ‘झोप अमक्याकडून लागली गेली’ असे म्हणताच वाक्य हास्यास्पद होते, म्हणून ‘निर्दम’ कर्मणी नाही. एक सावधगिरी मात्र ठेवावी. मराठीत ‘माझ्या हातून कप फुटला’ यात चुकून घडल्याचा भाव असतो. ‘अल येदे’मध्ये तसा भाव नाही. ते सरकारी कागदातले कोरडे शब्द आहेत.

भविष्यकाळात निफ्अलचा ‘न’ दिसत नाही, तो पुढच्या व्यंजनात मुरतो. ‘निख़्तव’चे भविष्य ‘यिकातेव’, म्हणजे लिहिले जाईल. आणि भविष्यकाळात शब्दाच्या आरंभी ‘न’ दिसला तर तो ‘आम्ही’चा असतो : ‘निख़्तोव’ म्हणजे आम्ही लिहू. विद्यार्थी ‘न’ पाहिला की निफ्अल म्हणून मोकळा होतो. तसे करू नये.

आता मराठी माणसाच्या खास घोटाळ्याकडे वळू. शाळेत आपण शिकतो की ‘मुलीने पत्र लिहिले’ हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. पत्र नपुंसकलिंगी म्हणून ‘लिहिले’, चिठ्ठी असती तर ‘लिहिली’. हे नियमाने बरोबर आहे. परंतु या वाक्यात मुलगी कोठेही लपलेली नाही, ती वाक्याच्या आरंभी ठळकपणे उभी आहे. हिब्रूत असे वाक्य साध्या पाअलमध्येच जाते : ‘हा-याल्दा कात्वा मिख़ताव’. येथे ‘कात्वा’ हे रूप मुलीप्रमाणे स्त्रीलिंगी आहे. पत्र पुल्लिंगी असले तरी त्याचा क्रियापदाशी संबंध नाही. आपल्या विद्यार्थ्याच्या मनात ‘कर्मणी’ हा शब्द घट्ट बसलेला असतो, म्हणून तो ‘निख़्तव’कडे धावतो. किंवा क्रियापद पत्राशी जुळवून मुलीसाठी ‘कातव’ म्हणतो. दोन्ही चुकीचे. खरे कर्मणी रूप मराठीत ‘पत्र लिहिले गेले’ किंवा ‘पत्र लिहिण्यात आले’ येथे सुरू होते. शालेय व्याकरणात याच्या पहिल्या प्रकाराला नवीन कर्मणी म्हणतात. ‘ने’ हा प्रत्यय लागलेला माणूस वाक्यात दिसला की हिब्रूत कर्मणीच्या वाटेला जाऊ नये, हा सोपा नियम आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो.

एकाच शब्दात कर्मणी अर्थ ही कल्पना मात्र आपल्याला परकी वाटू नये. पाली शिकलेल्या विद्यार्थ्यांना ‘वुच्चति’ म्हणजे म्हटले जाते, ‘दिस्सति’ म्हणजे दिसते, पाहिले जाते, ही रूपे ठाऊक आहेत. तेथेही ‘जाणे’सारखे दुसरे क्रियापद जोडावे लागत नाही. जुन्या मराठीतही ‘करिजे’, ‘बोलिजे’ अशी एकपदी रूपे होती. व्याकरणकार त्यांना पुराणकर्मणी म्हणतात. ती रूपे गेली, पण एक अजून आपल्या तोंडी आहे. ‘मला पाणी पाहिजे’ यातले ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप होय. म्हणूनच तेथे ‘मी’ येत नाही, ‘मला’ येते. तान्हे मूल पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच जे कर्मणी रूप बोलते ते शिकविण्यासाठी आम्ही वर्गात इतका वेळ घेतो, याची थोडी गंमतही वाटते.

बोलण्यातली हिब्रू कर्मणीचा वापर कमीच करते. ‘माझी पिशवी चोरीला गेली’ हे सांगताना बाजारातला माणूस बहुधा निफ्अल वापरीत नाही. तो म्हणतो ‘गानवू ली एत हा-तीक’, म्हणजे ‘माझी पिशवी चोरली’. क्रियापद अनेकवचनी, आणि चोरणारे कोण ते सांगितलेले नाही. ‘ओम्रीम’ म्हणजे ‘म्हणतात’. आपणही ‘उद्या पाणी येणार नाही म्हणतात’ असे सहज बोलतो, कोण म्हणते ते आपल्यालाही ठाऊक नसते. तेव्हा बोलताना या वाटेने जावे, वाचताना मात्र कर्मणीला तयार असावे. पत्रांतून आणि करारांतून कर्मणी रूपे वारंवार भेटतात, आणि ती नेहमी सोयीपोटीच असतात असे समजण्याचे कारण नाही. ‘निर्णय घेण्यात आला आहे’ या मराठी वाक्याशी ज्यांचा कचेरीत संबंध आला आहे त्यांना हे विस्ताराने सांगावे लागणार नाही.

रस्त्यावर जी कर्मणी भेटते ती बहुतांशी विशेषणाच्या रूपात असते. दुकानाच्या दारावर ‘सागूर’ म्हणजे बंद, ‘पातूअख़’ म्हणजे उघडे, यंत्रावर ‘शावूर’ म्हणजे मोडलेले. ही पाअलची कर्मणी धातुसाधिते आहेत आणि ती स्थिती सांगतात, घटना सांगत नाहीत. ‘हा-देलेत स्गुरा’ म्हणजे दार बंद आहे. ‘हा-देलेत निस्गेरा’ म्हणजे दार बंद झाले. सूचनाफलकांवरचा अत्यंत उपयोगी शब्द ‘आसूर’ म्हणजे मनाई. त्याचा मूळ अर्थ ‘बांधलेले’, आणि कैद्याला म्हणतात तो ‘आसीर’ शब्दही त्याच धातूचा. त्याच्या उलट ‘मुतार’ म्हणजे परवानगी आहे. तो हुफ्अलच्या साच्यातला असून त्याच्या मुळाशी ‘सोडलेले, गाठ सोडविलेले’ असा अर्थ आहे. जे बांधलेले ते करू नये, जे सोडलेले ते करावे. असे मूळ सांगितले की विद्यार्थी हे दोन शब्द पुन्हा विसरत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. स्वयंपाकघरात ‘मेवुशाल’ म्हणजे शिजविलेले आणि ‘मुख़ान’ म्हणजे तयार. पहिला पुअलचा, दुसरा हुफ्अलचा. शब्दाच्या आरंभी ‘म’ आणि पुढे ‘उ’, ही खूण दोघांनाही समान.

शेवटी अभ्यासासाठी चार वाक्ये. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारावा : करणारा कोणी आहे का, आणि असल्यास तो सांगितला आहे का?

‘हा-ख़लोन निश्बर’, खिडकीची काच फुटली. निफ्अल. करणारा असेलच असे नाही, मराठीत ‘फुटली’ पुरे.

‘हू हुअवर ले-वेत ख़ोलीम’, त्याला रुग्णालयात हलविण्यात आले. हुफ्अल. हलविणारे कोणीतरी निश्चित आहेत, नाव नाही. नातेवाइकांना दूरध्वनीवर हे सांगताना कोणी नेले तेही सांगावे, त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो.

‘हा-त्रूफा नित्ना बा-बोकेर’, औषध सकाळी दिले गेले. निफ्अल, आणि खरोखर कर्मणी, कारण औषध आपोआप पोटात जात नाही. नोंदवहीत असे वाक्य दिसले तर कोणी दिले, किती वाजता दिले हे विचारून मगच पुढची मात्रा द्यावी. पाळी बदलताना एकाच गोळीचे दोन डोस होण्याचा धोका अशा वाक्यांत असतो. आपण नोंद लिहू तेव्हा ‘नातात्ती’, म्हणजे ‘मी दिले’, असे पाअलमध्ये लिहून सही करावी.

‘हा-साख़ार येशुलाम अद हा-तिश्आ ला-ख़ोदेश’, वेतन महिन्याच्या ९ तारखेपर्यंत दिले जाईल. पुअल, भविष्यकाळ. तारीख आहे, देणाऱ्याचे नाव या वाक्यात नाही. ते करारात आणखी कोठे लिहिले आहे हे शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी, आणि ते सापडेपर्यंत सही करू नये.